मिशनला निघण्यापूर्वी : इंग्लंडमधून पुण्यातील एका तरुणाला उत्तर

तुम्हाला आपल्या चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन), इंग्लंडमधील लीड्स मिशनचा कॉल, म्हणजे दोन वर्षांच्या धर्मसेवेचे बोलावणे, आला आहे आणि जानेवारीत प्रेस्टनजवळच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचे आहे. तिथे मिशनरीचा दिवस खरोखर कसा जातो, पैसा किती लागतो, घरची आठवण अनावर झाली तर काय करावे, हे आडपडदा न ठेवता सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या आई आपल्या चर्चच्या सदस्य नाहीत आणि मुलगा दोन वर्षे दिसणार नाही या विचाराने त्या धास्तावल्या आहेत, असेही तुम्ही लिहिले आहे. मी पुण्याचाच आहे. २०१४ ते २०१६ या काळात मी त्याच मिशनमध्ये सेवा केली, नंतर घरी परतलो आणि काही वर्षांनी नोकरीच्या निमित्ताने पत्नीसह लँकशायरमध्ये येऊन राहिलो. आमच्या वॉर्डातील, म्हणजे स्थानिक मंडळीतील, मिशनरी वरचेवर आमच्याकडे जेवायला येतात, त्यामुळे आजचे मिशनरी कसे राहतात हेही मला जवळून दिसते.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या पत्रातील एका वाक्यावरून तो असावा असे वाटले. मिशनसाठी मिळणारा व्हिसा हा फक्त मिशनसाठी असतो. मिशनरीला नोकरी करता येत नाही आणि सेवा संपली की मायदेशी परतावे लागते. परदेशी स्थायिक होण्याची ही वाट नव्हे. मला पुढे इंग्लंडला येता आले ते वेगळ्या शिक्षणावर, वेगळ्या नोकरीवर आणि वेगळ्या अर्जावर. मिशनला जायचे ते मिशनसाठीच, आणि तेही स्वतःच्या मनाने. ब्रांचमधील (आपल्या लहान स्थानिक मंडळीतील) इतर मुले जातात म्हणून नव्हे.

आता दिनक्रम. माझ्या वेळी सकाळी साडेसहाला उठायचे, प्रार्थना आणि अर्धा तास व्यायाम करायचा, न्याहारी आटोपून आठ वाजता एकट्याने शास्त्राभ्यास आणि नऊ वाजता कम्पॅनियनबरोबर, म्हणजे जोडीदार मिशनरीबरोबर, अभ्यास करायचा, आणि दहाला घराबाहेर पडायचे. पहिले १२ आठवडे नव्या मिशनरीला ट्रेनरबरोबर (त्याला शिकवणाऱ्या अनुभवी कम्पॅनियनबरोबर) जास्तीचा अभ्यास असे. रात्री नऊच्या सुमारास परत यायचे, दुसऱ्या दिवसाची आखणी करायची आणि साडेदहाला दिवे मालवायचे. २०१७ च्या जानेवारीपासून हे वेळापत्रक बरेच सैल झाले आहे. आखणी सकाळी होते आणि कोणत्या वेळी काय करायचे याची थोडी मोकळीक मिशनरींना असते. बाहेर असतो त्या वेळात ठरलेल्या घरी शिकवायला जाणे, रस्त्यावर लोकांशी बोलणे, दारे ठोठावणे, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना भेटणे, आणि कुणाचे सामान हलवायचे असेल किंवा बाग साफ करायची असेल तर त्या कामाला हात लावणे, हे सगळे येते. बहुतेक दारे उघडत नाहीत आणि उघडली तरी लोक सभ्यपणे नकार देतात. पहिल्या महिन्यात प्रत्येक नकार मनाला लागतो, नंतर नकार देणाऱ्याचा चेहराही लक्षात राहत नाही. त्याची भीती तुम्ही फार बाळगू नका.

खरी कसोटी दाराबाहेर नसते, ती खोलीत असते, आणि याबद्दल मला निघण्यापूर्वी कुणीच नीट सांगितले नव्हते. मिशनरी कधीही एकटा नसतो. तुमचा कम्पॅनियन तुम्ही निवडत नाही. मिशनचे प्रमुख, म्हणजे मिशन प्रेसिडेंट, तो नेमतात, आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते तेव्हा तो बदलू शकतो किंवा तुम्हीच दुसऱ्या गावी जाता. त्याच्याबरोबर एकाच खोलीत झोपायचे, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायचा, बसमध्ये शेजारी बसायचे आणि अनोळखी माणसासमोर दोघांनी मिळून एकच गोष्ट मनापासून सांगायची. न्हाणीघर सोडले तर दार लावून बसावे अशी जागा नसते. पुण्यात चार माणसांच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला वाटले होते की यात विशेष काय. पण घरच्या गर्दीत आपली भाषा असते, आणि रुसलेल्याला कुणी तरी जेवायला हाक मारते.

ब्रॅडफर्डमध्ये असताना माझा कम्पॅनियन अमेरिकेतला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. कुणाच्या दारात मी बोलू लागलो की तो मध्येच माझे इंग्रजी दुरुस्त करी. मला तो अपमान वाटे, म्हणून मी बोलणे कमी केले. माझे गप्प राहणे त्याला आळस वाटू लागले. जवळजवळ तीन आठवडे आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोललो. आठवड्याच्या आखणीच्या शेवटी कम्पॅनियनशिप इन्व्हेंटरी नावाचा भाग असतो. त्यात दोघांनी एकमेकांचे चांगले काय ते सांगायचे आणि आपण कुठे सुधारावे ते विचारायचे. तोवर आम्ही तो पाच मिनिटांत उरकत होतो. त्या दिवशी मी धीर करून विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की पहिल्याच दिवशी तूच मला तुझ्या चुका सांगायला सांगितले होतेस. ते खरे होते आणि मी साफ विसरलो होतो. पुढे तो चुका रात्री घरी सांगू लागला आणि ब्रॅडफर्डमधील दक्षिण आशियाई वस्तीत हिंदी बोलणारे कुणी भेटले की संभाषण माझ्यावर सोपवू लागला. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की इन्व्हेंटरी कधीही उरकू नका. इतर कोणत्याही तयारीपेक्षा, न आवडणाऱ्या माणसाशी वेळेवर आणि प्रेमाने बोलण्याची तयारी आतापासून करा.

चहाविषयी सांगायला हवे. १८३३ पासूनच्या आपल्या आरोग्यनियमामुळे चहा-कॉफी वर्ज्य आहे हे तुम्ही पाळतच असाल, पण पुण्यात पाहुण्याने चहा नाकारला तर यजमान जसा हिरमुसतो तसाच यॉर्कशायरमध्येही हिरमुसतो. नुसते नको म्हणू नका. गरम पाणी, दूध किंवा फळांचे सरबत मागा. माणसाला काही तरी देऊ द्यावे.

घरभाडे मिशन भरते आणि खाण्यापिण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम कार्डावर जमा होते, पगार नसतो. अमेरिकेतील मिशनरींच्या खर्चासाठी जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात. भारतात कुटुंबाने किती द्यायचे हे ऐपत पाहून स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून ठरते आणि उरलेला भार चर्चचा निधी उचलतो, तेव्हा संकोच न करता ब्रांच प्रेसिडेंटशी बोला. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, ती लवकर उरका. गोडा मसाला घरून न्या. तूरडाळ तिथे मिळते. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, कारण दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे. बुटांचे दोन जोड घ्या आणि त्यांवर कंजुषी करू नका. डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो आणि पुढचे काम अंधारात, बहुधा ओल्या रस्त्यावर चालते.

तुम्ही ज्याच्याजवळ उतरणार त्या प्रेस्टनमध्ये आपले इंग्लंडमधील पहिले मिशनरी १८३७ मध्ये आले होते. पुढे १८५१ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत पोहोचले आणि तिथून नंतर पुण्यात गेले. त्यांचे ऐकणारे फार थोडे निघाले, तरी त्यांनी पुण्यात लहानशी शाखा स्थापली. प्रशिक्षण केंद्रातल्या पहिल्या रात्री झोप येत नव्हती, तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती. त्यांच्या पत्रांना घरी पोहोचायला काही महिने लागत असतील.

आता तुमच्या आईंविषयी. माझ्या वेळी आठवड्यातून एकदा ईमेल आणि वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मदर्स डेला, फोन अशी पद्धत होती. माझी आजी गेली ती मिशनच्या चौदाव्या महिन्यात. प्रेसिडेंटनी मला घरी फोन लावून दिला आणि निर्णय माझ्यावर सोडला; मी राहिलो. आई त्या वेळी काही बोलली नाही, पण दहाव्याला मी नव्हतो हे तिला लागले, आणि मलाही ते अजून लागते. असा प्रसंग आला तर काय करायचे हे तुम्ही निघण्यापूर्वीच घरी बसून, सगळ्यांच्या देखत बोलून घ्या. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे लवकर परतावे लागले तर त्यात लाज नाही, हेही त्याच बैठकीत बोला. मी असे परतलेले चांगले मिशनरी पाहिले आहेत, आणि घरच्यांनी कारणे न विचारता जेवायला वाढले ते लवकर सावरले. शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडेल, तेव्हा परतल्यावर प्रवेशासाठी गॅप सर्टिफिकेट करावे लागेल. त्यासाठी सेवेची कागदपत्रे जपून ठेवा.

फेब्रुवारी २०१९ पासून मिशनरींना दर आठवड्याला, पी-डेच्या (स्वतःची कामे उरकायच्या तयारीच्या) दिवशी, घरी व्हिडिओ कॉल करता येतो. हे आईंना आजच सांगा. पी-डे बहुधा सोमवारी असतो आणि त्यात कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे असे सगळेच उरकायचे असते, म्हणून कॉलची वेळ आधीच ठरवा. इंग्लंडमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात. आई नोकरी करत असतील तर सोमवारी त्या वेळी त्यांना अर्धा तास मोकळा मिळेल का, हे विचारून घ्या आणि पहिल्या ट्रान्सफरनंतर नव्या कम्पॅनियनलाही ती वेळ सांगा, कारण तुम्ही बोलत असताना तो त्याच खोलीत बसलेला असेल.