फॉस्फरस जास्त आलाय, पण कासव केवढं आहे?

प्रश्न: मी एका मत्स्यालयात स्वयंसेवक आहे. आमच्याकडे दोन हिरवी समुद्री कासवं आहेत, एक ताटाएवढं पिल्लू आणि एक पूर्ण वाढलेली मादी. पिल्लाच्या ब्लड रिपोर्टमधे फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त आलाय, मादीचं कॅल्शियम खूपच वर गेलंय. दोघं खातात नीट. पिल्लाची किडनी तर गेली नसेल ना?

उत्तर: तुमची काळजी कळतेय, पण समुद्री कासवाचा रिपोर्ट त्याचा साइझ माहीत असल्याशिवाय वाचूच नये असं माझं ठाम मत आहे. अंड्यातून निघतं तेव्हा हे कासव जेमतेम ५ सेंमी आणि साधारण २५ ग्रॅमचं असतं, आणि मोठं झालं की १०० किलोच्या वर जातं, म्हणजे केवढं हाड आणि कवच तयार व्हायचं असतं बघा, त्यामुळे वाढत्या पिल्लात फॉस्फरस मोठ्यांपेक्षा जास्त असणं नॉर्मल आहे, कधी कधी तो कॅल्शियमच्याही पुढे जातो. मोठ्या कासवाचे आकडे लावून पिल्लाला आजारी ठरवू नका.

मादीचं म्हणाल तर ती बहुतेक अंडी तयार करतेय. बलकाचं प्रोटीन लिव्हरमधून रक्तात येतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून टोटल आकडा फुगतो. नर सोबत नसला तरी हे होऊ शकतं, सोनोग्राफी करून घ्या.

आता एक विचारतो, रक्त कुठल्या ट्यूबमधे घेतलं? जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब नको, ती कॅल्शियम बांधून टाकते आणि कासवाच्या लाल पेशीही त्यात फुटतात. हेपरिनची घ्या. पेशी फुटल्या की पोटॅशियम आणि फॉस्फरस खोटे वाढलेले दिसतात, हे मी खूपदा पाहिलंय.

काळजी कधी करायची, तर पिल्लाचं कॅल्शियम खरंच खाली असेल आणि कवच दाबलं की मऊ लागत असेल तेव्हा. नुसतं स्क्विड देत असाल तर ते आधी बदला, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच थोडं, आणि टाकी आत असेल तर यूव्ही लाइट लावाच.

पुढच्या वेळी रक्त काढाल त्याच दिवशी वजन आणि कवचाची लांबी पण मोजा आणि रिपोर्टवरच लिहून ठेवा.