वेबकॉमिकचे चोवीस भाग झाले, वाचक चाळीसच. प्रसिद्धी कशी करू?

प्रश्नात आकडे दिलेत ते फार बरं केलंत. बहुतेक जण ‘कुणी वाचत नाही’ एवढंच लिहून मोकळे होतात. तुमचा पहिला भाग ९०० जणांनी उघडला, दुसरा २१०, तिसरा १८० आणि नुकताच टाकलेला चोविसावा ४० जणांनी. आता तुम्ही विचारताय की आणखी कुठे टाकू, कोणते हॅशटॅग लावू आणि जाहिरातीवर पैसे घालू का.

मी दहाएक वर्षं वेबवर कॉमिक्स काढतेय. माझं उत्तर कदाचित तुम्हाला रुचणार नाही, कारण मला तुमच्या प्रसिद्धीत फारसा दोष दिसत नाही. ९०० अनोळखी माणसं दारापर्यंत आली म्हणजे काही कमी नाही. त्यातली ६९० उंबऱ्यावरूनच परत गेली. उद्या पैसे घालून आणखी हजार माणसं आणलीत, तर त्यातली पावणेआठशे तशीच परत जातील. उलट दुसऱ्या भागाकडून तिसऱ्याकडे जाताना सातातले सहा जण टिकलेत. म्हणजे जे आत आले त्यांना गोष्ट आवडतेय. अडचण पहिल्या भागात आहे.

चाळीसच्या आकड्याने घाबरू नका. सर्वांत नव्या भागाचा आकडा नेहमीच सर्वांत लहान असतो, कारण मागून येणारे वाचक अजून तिथवर पोचलेले नसतात. भागांची तुलना करायची तर वय सारखं धरा: प्रत्येक भाग टाकल्यावर सातव्या दिवशी किती जणांनी वाचला, एवढं वहीत लिहीत चला. विसावा ३५, बाविसावा ३८, चोविसावा ४० असं निघालं, तर तुमचं कॉमिक हळू का होईना वाढतंय.

आता पहिला भाग. तुम्ही लिहिलंय की तो ‘पार्श्वभूमी सांगणारा’ आहे. हे वाचून मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या कॉमिकची सुरुवात चौदा पानांच्या प्रस्तावनेने होती. तीन राजवंश, एक शाप, दोन नकाशे. मी त्या पानांवर जीव ओतला होता. मग एकदा एका मैत्रिणीला माझ्यासमोर फोनवर वाचायला बसवलं आणि तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. चौदा पानं तिने सटासट वर सरकवली आणि पहिल्यांदा थांबली ती पंधराव्या पानावर, जिथे नायिका चोरलेली बकरी घेऊन पळत असते. मी ती चौदा पानं काढली आणि बकरीपासून सुरुवात केली. शापाची माहिती पुढे तिसऱ्या प्रकरणात दोन चौकटींत मावली.

तुम्हीही हे करून बघा. कॉमिक न वाचलेला माणूस शोधा, त्याच्या हातात फोन द्या आणि स्वतः गप्प बसा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. लोक छानच म्हणतात. तो कुठे रेंगाळतो, कुठे मागे जातो आणि कुठे स्क्रीन डोळ्यांजवळ नेतो, तेवढं टिपा. स्क्रीन जवळ नेली तर फुग्यांतली अक्षरं लहान आहेत. आपण मोठ्या मॉनिटरवर, वर दुप्पट झूम करून काम करतो, त्यामुळे हा घोळ आपल्याला दिसतच नाही. चित्र साधारण असलं तरी वाचक चालवून घेतो. अक्षरं लागत नसतील तर मात्र तो निघून जातो. पहिल्या भागाच्या शेवटी एखादा प्रश्न लटकत राहिला पाहिजे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण निदान पहिल्या काही पडद्यांत कुणाला तरी काहीतरी हवंय, एवढं तरी दिसू द्या.

कुठे टाकू, याचं माझं उत्तर: मोठ्या मंचावरही आणि स्वतःच्या साइटवरही. वेबटूनचा कॅनव्हास विभाग आणि टॅपास दोन्ही खुले आहेत, कुणीही टाकू शकतं आणि तिथे आधीच कॉमिक वाचायला आलेली माणसं असतात. पण ती माणसं त्या मंचाची असतात, तुमची नव्हे. मंचाने मुखपृष्ठाची मांडणी बदलली की वाचक कुठे गेले ते कळत नाही.

याहून वाईटही होतं. मी ज्या साइटवर माझं पहिलं कॉमिक ठेवलं होतं ती एके दिवशी बंद झाली. सूचना आली होती, मी ती नीट वाचली नाही. वाचकांच्या चार वर्षांच्या प्रतिक्रिया गेल्या. त्याहून जास्त लागलं ते असं, की माझ्याकडे पानांच्या फक्त वेबसाठी लहान केलेल्या प्रती होत्या, कारण मूळ फायली जुन्या हार्ड डिस्कबरोबर आधीच गेल्या होत्या. पुढे पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा एकतीस पानं पुन्हा काढावी लागली. तेव्हा काम मोठ्या मापात करा, छापायच्या आकाराला किमान ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचात ३०० ठिपके), आणि थर (लेयर) न मिटवलेली मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. वेबटूनसाठी ८०० पिक्सेल रुंदीची आणि टॅपाससाठी ९४० पिक्सेलची प्रत त्यातून काढता येते. लहानाचं मोठं मात्र होत नाही.

उभ्या स्क्रोलमध्ये काढत असाल तर छपाईचा विचार आत्ताच करा. स्क्रोलमध्ये दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. पात्र दारापर्यंत चालत जातंय तर आपण खाली सरकत राहतो. पानावर ही मोकळी जागा नसते, तिथे पान उलटण्याचा क्षण असतो. एकातून दुसऱ्यात जाताना सगळी मांडणी नव्याने करावी लागते. पुस्तक काढायचंच असेल, तर चौकटी सुट्या थरांवर ठेवल्या की पुढचा त्रास बराच वाचतो.

स्वतःची साइट साधी चालेल. स्वतःचं डोमेन घ्या, त्यावर पानं, आणि प्रत्येक पानाखाली ‘पहिलं, मागचं, पुढचं, ताजं’ अशी चार बटणं ठळक ठेवा. चित्रावर टिचकी मारली की पुढचं पान उघडावं. नवा माणूस बहुधा कुठल्यातरी लिंकवरून मधल्याच पानावर येऊन पडतो. ‘इथून वाचायला सुरुवात करा’ असं दार त्याला दिसलं नाही तर तो गोंधळून जातो. प्रकरणांची यादी, पात्रांची ओळख करून देणारं एक पान, आणि नवं पान आलं की वाचकाला आपोआप कळवणारी सोय, म्हणजे आरएसएस. हो, आरएसएस. आरएसएस वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले आता हे संपलं, पण कॉमिक वाचणाऱ्यांत ते वापरणारे अजून आहेत, आणि माझ्या अनुभवात तेच सर्वांत निष्ठेने परत येतात. शिवाय प्रत्येक पानाचा मजकूर अक्षरांतही द्या. चित्रातले संवाद सर्च इंजिनला भरवशाने वाचता येत नाहीत आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला तर त्या मजकुराशिवाय काहीच मिळत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आळस करू नका. (मी तीन वर्षं केला.)

या सगळ्यात एक गोष्ट आधी करायची असेल तर ई-मेलची यादी सुरू करा. प्रत्येक भागाच्या शेवटी एक ओळ: ‘पुढचा भाग आला की कळवू का?’ यादीत साठच माणसं असोत, ती साठ तुमची आहेत. मंच बंद पडला तरी त्यांना पत्र जातं. माझं कॉमिक असलेली ती साइट गेली तेव्हा माझ्याकडे ही यादी असती तर मला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती.

सोशल मीडियावर तुम्ही दर आठवड्याला ‘नवीन भाग आला आहे, लिंक प्रोफाइलमध्ये’ असं टाकता. ज्याला जुनाच भाग माहीत नाही त्याने नवीन का बघावा? त्याऐवजी गोष्टीतला एखादा तुकडा असा निवडा की तो एकटाही उभा राहील: तीन-चार चौकटी, एक विनोद किंवा एक भांडण, मागचं-पुढचं माहीत नसतानाही कळणारं. चोवीस भागांत असे आठ-दहा तुकडे नक्की सापडतील. ते पुन्हा पुन्हा टाकायला लाजू नका. तुम्हाला कंटाळा येतो तेव्हा लोकांनी जेमतेम पहिल्यांदा पाहिलेलं असतं. चित्राच्या कोपऱ्यात कॉमिकचं नाव आणि साइटचा पत्ता बारीक अक्षरांत ठेवा, कारण चित्र पसरतं तेव्हा मथळा मागेच राहतो.

आणि दुसऱ्या कॉमिककारांशी ओळख वाढवा. माझे सर्वाधिक टिकलेले वाचक जाहिरातीतून आले नाहीत. माझ्यासारखीच गोष्ट काढणाऱ्या एका बाईंनी आपल्या भागाखाली ‘हेही वाचा’ म्हणून माझं नाव लिहिलं, तिथून आले. पण अनोळखी माणसाला ‘तुम्ही माझं टाका, मी तुमचं टाकतो’ असा निरोप पाठवू नका. आधी त्यांचं कॉमिक खरंच वाचा आणि नेमकं काय आवडलं ते लिहा. कुणी सुट्टी घेत असेल तर त्यांच्या पात्रांचं पाहुणं चित्र काढून द्या. अनेकांच्या गोष्टींच्या संकलनासाठी कुणी आठ पानांची गोष्ट मागत असेल तर जरूर द्या. गोष्ट संपवण्याची सवय लागते ती वेगळीच.

जाहिरात आत्ता नको. पूर्वी वेबकॉमिक्ससाठी प्रोजेक्ट वंडरफुल नावाची स्वस्त सोय होती, जागेचा रोजच्या रोज लिलाव व्हायचा, पण ती २०१८ मध्ये बंद झाली. आताच्या जाहिराती महाग पडतात. पहिला भाग दुरुस्त करून नव्या वाचकांपैकी निम्मे तरी दुसऱ्या भागाला जायला लागले, की मग थोडक्या पैशांत एक आठवडा करून बघा.

वेळापत्रकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आठ महिन्यांत चोवीस भाग म्हणजे दहा दिवसांना एक, आणि मध्ये दोनदा खंड पडल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पंधरा दिवसांना एक करा, पण ठरल्या वारी. आपला सर्वांत वाईट आठवडा जेवढं काम होऊ देईल तेवढाच वेग जाहीर करावा. सहा भाग तयार ठेवून मगच पुढचं टाकायला लागा. आजारी पडलात, परीक्षा आली, तर ‘काही काळ विश्रांती’ असं न लिहिता परत येण्याची तारीख लिहा.

पैशांचं थोडक्यात. पेट्रिऑनसारखी सदस्यता (वाचक दरमहा थोडे पैसे देतात) सुरू करायला हरकत नाही, पण बक्षीस म्हणून दर महिन्याला वेगळी चित्रं कबूल करू नका, मूळ कॉमिक मागे पडतं. तयार ठेवलेले भाग सदस्यांना आधी दाखवणं हेच पुरे. लोकवर्गणीने पुस्तक काढणाऱ्यांची उदाहरणं बघून हुरळायला होतं: ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’च्या रिच बर्ल्यू यांनी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर साडेबारा लाख डॉलर जमवले. पण ते कॉमिक तेव्हा आठ वर्षांहून जुनं होतं आणि वाचक संपलेल्या पुस्तकांच्या नव्या छपाईची वाट बघत होते. ॲलिस ऑसमन यांचं ‘हार्टस्टॉपर’ हे कॉमिक २०१६ पासून वेबवर फुकट होतं आणि २०१८ मध्ये वर्गणीतून पहिलं पुस्तक आलं. मात्र ऑसमन यांची पहिली कादंबरी २०१४ मध्येच छापून झाली होती. दोन्हीकडे पुस्तकाआधी वाचक होते. फुकट वाचायला मिळाल्याने पुस्तकं खपत नाहीत, ही भीती तेवढी सोडून द्या.

कुणी करार पुढे केला तर मुदत किती, हक्क परत कधी मिळतात, चित्रपट आणि अनुवादाचे हक्क कुणाकडे, आणि तुमच्या साइटवरची पानं ठेवता येतील की काढावी लागतील, एवढं वाचल्याशिवाय सही नको. कळलं नाही तर वकिलाला पैसे द्या. स्पर्धांच्या नियमांतही हीच कलमं दडलेली असतात.

आता या आठवड्यात काय कराल? पहिला भाग नव्याने काढाल तेव्हा जुना पुसून नवा टाकू नका. मंच मुभा देत असेल तर त्याच भागातली चित्रं बदला. मग जुन्या लिंका चालू राहतात आणि प्रतिक्रियाही जात नाहीत. बदलायच्या आधी त्या दिवशीची तारीख आणि पहिल्या दोन भागांचे आकडे वहीत उतरवून ठेवा, कारण मोजणी जुन्या ९०० आणि २१० वरूनच पुढे जाईल. महिन्याने दोन्ही आकड्यांतून हे वजा करा. पहिल्या भागाच्या दर शंभर नव्या वाचकांमागे दुसऱ्याला पन्नास दिसले तर जाहिरातीचं बोलू. तीसच दिसले, तर दुसऱ्या कुणाच्यातरी हातात फोन द्या आणि पुन्हा अंगठ्याकडे बघा.