क्लच सावकाश सोडूनही गिअर बदलताना बाइकला झटका का बसतो?

तुम्ही लिहिलंय की बाइक शिकायला दोन आठवडे झाले, क्लच अगदी सावकाश सोडता, तरी गिअर बदलताना झटका बसतो आणि मागे बसलेला भाऊ पाठीवर आदळतो. मग क्लच आणखी सावकाश सोडू का? नाही. अजिबात नाही. हाच सल्ला ऐकून मी एका गाडीच्या क्लच प्लेटा जाळल्या आहेत, म्हणून उत्तर द्यायला बसले.

2006 ची गोष्ट. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागली, घर सक्करदऱ्यात. बाबांची बदली गोंदियाला झालेली आणि त्यांची स्प्लेंडर अंगणात नुसती उभी. गल्लीत जो तो म्हणे, मुलीला स्कूटी घेऊन द्या. घरात उभी गाडी असताना कर्ज काढून दुसरी कशाला? शिकवायला मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तयार झाले. रोज सकाळी सहाला रेशीमबाग मैदान. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, पण शिकवणं एका वाक्याचं: "क्लच हळू सोड." पहिल्यातून दुसरा टाकला, झटका. "हळू सोड." तिसऱ्यातून दुसऱ्यात आले, मागचं चाक धरल्यासारखं झालं. "अजून हळू वं! डाव्या हाताले एवढी घाई काऊन?"

मी इतकं हळू सोडायला लागले की गिअर पडून दोन-तीन सेकंद झाले तरी क्लच अर्धा दाबलेलाच. झटका कमी झाला, हे खरं. मोठे बाबा खूश. तशीच मी कामावर जायला लागले. काही महिन्यांनी अजनीच्या रेल्वे पुलावर चढताना रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही आणि करपल्याचा वास. मागून हॉर्न. उतरून ढकलत नेली.

मिस्त्रीने उजवीकडचं कव्हर काढलं आणि प्लेटा ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. फ्रिक्शन प्लेटा, म्हणजे घासून पकड घेणाऱ्या, काळ्याठिक्कर, मधल्या लोखंडी प्लेटांवर निळे डाग. निळा डाग म्हणजे लोखंड तापलं, हे त्यानेच सांगितलं. मग विचारलं, "ताई, गिअर टाकाच्या आधी उजवा हात काय करते तुमचा?" मला उत्तर देता येईना. रेस देणारा हात तो, पण उजव्या हाताबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

नव्या प्लेटा बसवल्यावर त्याने गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन बंद ठेवून चौथा गिअर टाकला आणि मला मागचं चाक हाताने फिरवायला लावलं. जोर लागला, पण फिरलं. आतून इंजिन फुस्स फुस्स करत होतं. मग पहिला टाकला. दोन्ही हातांनी जोर लावला तरी चाक जागचं हलेना. "चाक तेच हाय. पण पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्याले इंजिनले लय जास्त फेरे मारा लागते," तो म्हणाला.

तुमचा झटका इथे आहे. वरचा गिअर टाकताना इंजिनचे फेरे कमी व्हायला हवेत. तुम्ही रेस चालूच ठेवली तर ते कमी होत नाहीत आणि क्लच जोडला की गाडी पुढे उसळते. खालचा टाकताना फेरे वाढायला हवेत; ते वाढवले नाहीत तर चाक इंजिनला ओढतं आणि भाऊ तुमच्या पाठीवर येतो. क्लच सावकाश सोडला की हा फरक प्लेटा घासून भरून निघतो. झटका जात नाही, प्लेटा तो खातात.

म्हणून वर जाताना रेस पूर्ण बंद, क्लच, गिअर, क्लच सोडा, मग रेस. सगळं मिळून एका दमात. रेंगाळलात तर इंजिन फारच खाली येतं आणि उलटा झटका बसतो. खाली येताना क्लच दाबलेला असतानाच हलकीशी रेस द्या, इंजिनचा आवाज जरा चढला की क्लच सोडा. कोणत्या स्पीडला कोणता गिअर म्हणाल, तर माझ्या स्प्लेंडरला 15 च्या आसपास दुसरा, 25 ला तिसरा, 40 ला चौथा. पण काट्याकडे बघून गिअर टाकू नका, आवाज ऐका.

मोठ्या बाबांवर माझा राग नाही. सगळे स्कूटी म्हणत असताना किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली. पण लग्नकार्यात अजून सांगितलं जातं की पोरीने क्लच जाळला, आणि गेल्या रविवारी त्याच मैदानावर ते नातवाला सांगत होते, "हळू सोड." प्लेटांचे पैसे माझ्या पगारातून गेले होते. क्लच मी नाही, त्या वाक्याने जाळला. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

हां, उभी गाडी पहिल्यात उचलताना मात्र क्लच सावकाशच सोडायचा. पुलाच्या चढावर थांबलात तर अर्ध्या क्लचवरच निघावं लागतं, त्याला इलाज नाही. आणि हे सगळं करण्याआधी क्लचची दांडी बघा: टोकाशी 10 ते 20 मिमी ढील हवी. ढीलच नसेल तर प्लेटा घसरत राहतात, जास्त असेल तर दांडी दाबूनही प्लेटा पूर्ण वेगळ्या होत नाहीत आणि गिअर खटकन पडतो. चेन सैल असली तरी असाच झटका बसतो. पक्क्या लायसन्ससाठी शिकाऊवर निदान 30 दिवस काढावेच लागतात; पक्कं हातात येईपर्यंत भावाला मागे बसवू नका. शिकवायला लायसन्सवाला कोणी मागे बसला, तर त्याला आधी सांगून ठेवा की मागची दांडी धरून बस, माझ्या खांद्याला हात लावू नको.