तालुक्याच्या कोर्टात एकदम तिघं रजेवर जाणार असतील तर काम कसं भागवायचं?

तुम्ही लिहिलंय की सहायक अधीक्षकाचा चार्ज नुकताच मिळालाय, एक लिपिक बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात आणि आषाढीसाठी आणखी दोघांचे अर्ज टेबलावर आहेत. मी सोलापूर जिल्ह्यातल्या कोर्टांतच नोकरी केली. आषाढीला पंढरपूर आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, हे दोन आठवडे आमच्याकडे दरवर्षी असेच यायचे. वारीची रजा नाकारू नका. फक्त अर्ज महिनाभर आधी मागवा आणि एकाच टेबलाची दोन्ही माणसं एकदम सोडू नका.

सगळ्यात जास्त काळजी दाखल विभागाची घ्या. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ४ प्रमाणे मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. पण लिपिक रजेवर आहे म्हणून कोर्ट बंद ठरत नाही. समोरच्याला सहज 'उद्या या' म्हटलं आणि त्याची मुदत आजच संपत असली, तर त्याचं होणारं नुकसान आपल्याला भरून देता येत नाही. निकालाच्या नकलेचंही तसंच. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला काळ वगळतात, म्हणून नकलेच्या अर्जावर त्याच दिवशीची तारीख पडलीच पाहिजे. नक्कल तयार व्हायला दोन दिवस जास्त लागले तर चालेल. रिमांडचं काम सुट्टीतही येतं, कारण अटकेतल्या माणसाला २४ तासांत हजर करावं लागतं; त्याची पाळी लेखी लावा. बेलीफ, म्हणजे समन्स नेऊन बजावणारा माणूस, नसेल तर जवळच्या तारखेची समन्स आधी दुसऱ्याकडे द्या, बाकीची थांबतील.

आता किल्ल्या. एका कोर्टात मुद्देमालाची किल्ली लिपिकाच्या खिशात राहिली आणि ते गावी गेले. वस्तू ओळखायला आलेला साक्षीदार रोजंदारीवरचा मजूर होता. संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसला, तारीख घेऊन एसटीनं परत गेला. त्या दिवसाचा त्याचा रोज बुडाला तो बुडालाच. मला ते अजून टोचतं. तेव्हापासून एका दिवसाच्या किरकोळ रजेलासुद्धा किल्ली आणि रोख दोघांच्या सह्यांनी हातात द्यायची, रक्कम समोर मोजून, असा नियम मी धरला. संगणकाचा पासवर्ड मात्र कोणी कोणाला देऊ नये. बदली माणसाला त्याच्या स्वतःच्या आयडीवर ते काम उघडून मिळेल असं सिस्टिमवाल्यांकडून आधीच करून घ्या.

आणि जाणाऱ्याकडून अर्धं पान लिहून घ्या: उद्याच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) काय आहे, कोणती फाइल कुठल्या कपाटात, कोणता रोजनामा (प्रकरणात त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) लिहायचा राहिलाय, कोणत्या वकिलांना काय कबूल केलंय. हे अर्धं पान लिहायला दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला लोक कुरकुरतात. स्वतः एकदा दुसऱ्याचं टेबल सांभाळलं की मग आपणहून लिहून देतात.

बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. तेवढे दिवस उसनवारीवर निघत नाहीत. जिल्हा न्यायालयाकडे तात्पुरत्या माणसाची मागणी आजच लेखी पाठवा, त्या टेबलावर किती प्रकरणं आहेत तो आकडा लिहून. नुसतं 'कामाचा ताण' लिहिलेलं पत्र मागे पडतं. माणूस मिळेपर्यंत ते टेबल एकट्यावर टाकू नका, दोघांत वाटून द्या. आणि त्या बाईंना घरी फोन करून फाइल कुठे ठेवलीय ते विचारू नका. अर्धं पान घ्यायचं राहिलं असेल तर एक दिवस काढून कपाट तुम्ही स्वतः लावा.