पोस्टर लावायच्या आधी पेटंटचा अर्ज टाक

पुढच्या महिन्यात नांदेडच्या परिषदेत पोस्टर लावायचं म्हणतोस, ते आधी थांबव. तुझ्या एसआयआरएनएचा, म्हणजे ठरावीक जनुकाचं काम दाबणाऱ्या आखूड आरएनए रेणूचा, क्रम चारचौघांत दाखवला की पेटंटला लागणारं नावीन्य गेलंच समज. आपल्या पेटंट कायद्यात ठरावीक प्रसंगांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण युरोपात तिचा उपयोग नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, मग १२ महिन्यांत पूर्ण तपशील दे. विद्यापीठाच्या नावाने केलास तर शुल्क ८० टक्के कमी. मालकी कुणाची, हे गाईडशी आधीच लेखी ठरव. नंतर लई कटकट होते.

खरी गोम पुढं आहे. निसर्गातल्या जनुकावर पेटंट त्या कायद्याच्या कलम ३(सी)मुळे मिळत नाही. 'अमुक जनुक दाबून रोग बरा करण्याची पद्धत' हा दावाही ३(आय) खाली उडतो. मागायचा तो तू घडवलेला एसआयआरएनए: कोणत्या जागी ओ-मिथाइल, कुठं फॉस्फोरोथायोएट (हे रेणू टिकवणारे रासायनिक बदल), यकृतात नेणारा गॅलनॅक हा साखरेचा रेणू कसा जोडलास. तरी परीक्षक विचारणारच, लक्ष्य जनुक माहीत होतं, क्रम संगणक काढून देतो, मग यात शोध कसला? त्याला आकडेच उत्तर. शेजारच्या क्रमांपेक्षा तुझा क्रम लक्ष्य जनुकाचा आरएनए किती जास्त घटवतो, इतर जनुकांना धक्का लागतो का, हे पूर्ण तपशिलातच मांड. नवी माहिती मागाहून घुसडता येत नाही.

पॅटिसिरान २०१८ला अमेरिकेत मंजूर झालं, एसआयआरएनए जातीचं पहिलं औषध. त्याच्या पेटंटांतले दावे वाच. आणि वकील रसायन समजणारा बघ, मुंबईला जावं लागलं तरी चालेल.