तुमचे प्रश्न: आरसी (रिमोटवरची) कार, बॅटरीवरची घ्यावी की नायट्रो (इंधनाच्या छोट्या इंजिनावरची)?

प्रश्न: नमस्कार सर, साधी ब्रश्ड मोटरची १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या मापाची) गाडी बरीच चालवून झाली, आता पुढची घ्यायचीय. एक मित्र म्हणतो खरी मजा नायट्रोतच, तो आवाज, तो धूर, आणि स्पीड पण नायट्रोलाच जास्त. दुसरा म्हणतो आता नायट्रो घेतं कोण. डोकं पार फिरलंय, काय घेऊ?

उत्तर: आधी स्पीडचं मिटवून टाकू. तुमच्या पहिल्या मित्राची माहिती जुनी झालीय. ब्रश्ड मोटरा आणि निकेलच्या बॅटऱ्या होत्या तेव्हा नायट्रोवाले भाव खाऊन जायचे आणि ते बरोबरच होतं, पण ब्रशलेस मोटर (आत घासणारे ब्रश नसलेली) आणि लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आल्यावर सगळं उलटं झालं. २०१४ साली ताशी २०२ मैलांचा, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरचा रेकॉर्ड झाला तो बॅटरीवरच्या गाडीने. एवढं लांब कशाला, ३५०० केव्हीची (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे) मोटर ७.४ व्होल्टच्या दोन सेलवर लोड नसताना २६ हजार आरपीएमच्या आसपास फिरते, तीच तीन सेलवर टाकली तर ३९ हजारांच्या जवळ जाते (मोटर आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, दोघांनाही तीन सेल चालत असतील तरच हं, नाहीतर धूर बॅटरीवाल्या गाडीतूनही निघतो). शिवाय ट्रिगर दाबला की ताकद लगेच हजर. नायट्रोचं इंजिनही ३० हजारांच्या वर सहज जातं, पण खाली दम कमी असतो, आधी रेव्ह चढणार, मग क्लच पकडणार, मग गाडी सुटणार.

म्हणून स्पीडसाठी नायट्रो घेऊ नका. घ्यायचीच तर इंजिनसाठी घ्या.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बाहेरच्या छोट्या बॅटरीने तापवायची, एकदा इंजिन पेटलं की बॅटरी काढून घ्यायची, पुढे कम्प्रेशनची उष्णता आणि तारेतल्या प्लॅटिनमची मिथेनॉलशी होणारी रिअ‍ॅक्शन यावरच ती लाल राहते. मला अजूनही ही आयडिया भारी वाटते. इंधनात मिथेनॉल, बहुतेक वेळा १५ ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी तेल. आता गोम इथेच आहे, इंजिनाला वंगण मिळतं ते या इंधनातल्या तेलातूनच, त्यामुळे निडल (इंधन किती जाणार ते ठरवणारा स्क्रू) जास्त आवळून मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी नि हवा जास्त, केलं की गाडी दोन मिनिटं मस्त पळते पण तेल कमी, उष्णता जास्त, आणि पिस्टन आणि स्लीव्हची (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) वाट लागते. बरं, एकदा ट्यून केलं म्हणजे झालं असंही नाही, हवा बदलली, दमट झाली, थंडी पडली की निडल पुन्हा थोडी इकडे तिकडे. हेडचं टेम्परेचर साधारण १०० ते १२० डिग्रीत ठेवायचं, सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ दिसत राहिली पाहिजे. नवीन इंजिन असेल तर पहिल्या काही टाक्या रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर ब्रेक-इनच्या, म्हणजे इंजिन रुळवायच्या, तेव्हा फुल थ्रॉटल विसरा. खेळून झालं की टाकी रिकामी करायची, उरलेलं जाळायचं, इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) थेंब टाकायचे, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात.

हे वाचताना हात शिवशिवले असतील तर बिनधास्त नायट्रो घ्या. "एवढं सगळं?" असं वाटलं असेल तर ब्रशलेस, आणि माझं मत विचाराल तर दुसऱ्या गाडीला ब्रशलेसच.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे. लायपो बॅटरी पेट घेते असं ऐकलं. त्यापेक्षा इंधनावरची गाडी सेफ पडेल का?

उत्तर: नाही ताई, उलट आहे. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, त्वचेतूनही शोषलं जातं, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. वर तापलेलं इंजिन, आणि बंद खोलीत तर ते सुरूच करायचं नाही. लायपोची भीती खरी आहे पण तिला शिस्तीत ठेवता येतं: बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), ५००० एमएएचच्या बॅटरीला चार्जिंग ५ अँपियरच्या वर नको, सेल ४.२ व्होल्टला फुल, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून कुठे जायचं नाही. चार्जिंग तुम्ही करा, गाडी त्याला चालवू द्या. तेवढंही नको असेल तर निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्या, स्पीड कमी मिळेल पण तुमचा जीव टांगणीला राहणार नाही.

प्रश्न: बॅटरी २० मिनिटांत संपते, नायट्रो दिवसभर चालते, मग इलेक्ट्रिकचा फायदा काय?

उत्तर: दिवसभर चालते ती इंधन भरत राहिलात तर! १/८ बगीची (मातीत पळणारी, १/१० पेक्षा मोठी गाडी) १२५ सीसीची टाकी दहा मिनिटांच्या आतबाहेर संपते, फक्त भरायला काही सेकंद लागतात. नायट्रो जिंकते ती इथे, १/८ ऑफ-रोड वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल तासाभराची असते आणि गाड्या मधेमधे पिटमध्ये येऊन इंधन भरून जातात. तुम्हाला तासभर रेस करायची नसेल तर दोन-तीन पॅक चार्ज करून न्या, तेवढंच. फक्त प्रत्येक पॅकनंतर मोटरला हात लावून बघा, धरवत नसेल तर पुढचा पॅक लगेच लावू नका.