आधी सांधा ऐक

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. दुसऱ्यांच्या रेकॉर्डींचे तुकडे जोडून बनवलेला तो अल्बम आवडला, आठवडाभर कानात तेच चालू होतं, मग कुठल्या गाण्यात कुणाचा तुकडा आहे ती यादी उघडलीस आणि आता म्हणतेस की ऐकताना मजाच येत नाही, सारखं डोक्यात 'हे यांचं, ते त्यांचं'. वर ग्रुपमधल्या त्या मुलाने विचारलं की हे तर कॉपी-पेस्ट झालं, यात यांनी स्वतःचं काय केलं, आणि तुला उत्तर सुचलं नाही. इथपर्यंत मी समजू शकतो. पण त्यानंतर तू बसून एक्सेल शीट बनवलीस? अल्बम, साल, सॅम्पल म्हणजे उसने घेतलेले तुकडे किती, परवानगी घेतलेले किती, पैकी गुण? कपाळावर हात मारला मी.

तुला एकच गोष्ट सांगायचीय आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. आधी सांधा ऐक. एक तुकडा दुसऱ्याला जिथे जुळतो ती जागा म्हणजे सांधा. तुकडा कुणाचा हे नंतर.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात ना, मी तेवढं टोकाचं म्हणत नाही, विचार की खुशाल, मी स्वतः रात्र रात्र शोधलंय. पण कधी विचारायचं याला क्रम आहे. द अव्हॅलांचेसचा 'सिन्स आय लेफ्ट यू' तुला आवडला, २०००चा, मेलबर्नच्या पोरांनी बनवलेला. त्यात ३५०० सॅम्पल आहेत हा आकडा सगळीकडे फिरतो आणि वाद घालणारे तो तोंडावर फेकतात. बरं मग? पाचशे असते तर अल्बम वाईट झाला असता का? त्यातलं 'फ्रंटियर सायकायट्रिस्ट' पुन्हा लाव. कॅनडाच्या वेन आणि शुस्टर या विनोदी जोडीच्या स्किटमधले संवाद आहेत, खाली ईनॉक लाइटच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड आहे, घोडा आहे, पोपट आहे. ही झाली यादी, आणि यादी वाचून कुणाला हसू येत नाही. हसू येतं ते पोपटाचा आवाज स्क्रॅच होऊन, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून, बरोब्बर तालात पडतो तेव्हा. तो पोपट तिथे कुणी बसवला? त्या मुलाला हे विचार.

आणि प्लीज, गोधडीची उपमा देऊ नकोस त्याला. कोलाज म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण गोधडी काढतो. गोधडीत तुकडे शेजारी शेजारी असतात, इथे ते एकावर एक असतात, एकाच वेळी वाजतात आणि एकमेकांचा सूर आणि वेग बदलायला लावतात. एक रेकॉर्ड हळू केली की तिची पट्टी उतरते, मग दुसरीशी जुळवायला तिलाही हलवावं लागतं. काम हे आहे.

डीजे शॅडोचा 'एन्डट्रोड्यूसिंग' तू शीटमध्ये दुसऱ्या नंबरला टाकलायस, गिनीजमध्ये नाव आहे म्हणून. गिनीजचं सोड. १९९६चा अल्बम, शॅडो म्हणजे कॅलिफोर्नियातला एक मुलगा, सॅक्रामेंटोच्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या तळघरात ढिगाऱ्यात बसून रेकॉर्डी उपसणारा, आणि हाताशी मुख्यतः आकाईचं एमपीसी ६० नावाचं तुकडे साठवून वाजवणारं मशीन, ज्याच्या मेमरीत मोजकेच सेकंद मावतात. मेमरी कमी म्हणून तुकडा छोटा, तुकडा छोटा म्हणून सांधे जास्त. आता त्यातलं 'मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड' ऐक, हेडफोन लावून, फोन पालथा ठेवून. त्यातला पियानो डेव्हिड अ‍ॅक्सलरॉड या लॉस एंजेलिसच्या माणसाच्या १९६९च्या रेकॉर्डवरचा आहे आणि त्याच्या जोडीला पेक्का पोह्योला या फिनलंडच्या बास वाजवणाऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा आहे. बघ, मीच सांगून टाकलं, पण तू हे गाणं आधीच भरपूर ऐकलंयस म्हणून सांगितलं. एक अमेरिकेतला, एक फिनलंडचा, आणि ऐकताना वाटतं एकाच खोलीत बसून एकाच उदास संध्याकाळी वाजवलंय. ती खोली कुठल्याच मूळ रेकॉर्डवर नाहीये. मूळ ऐकून ये आणि मला दाखव कुठे आहे ती.

जे डिला या अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्याच्या 'डोनट्स' अल्बमबद्दल तू लिहिलंयस की ट्रॅक फार छोटे, 'अपूर्ण वाटतात'. ३१ ट्रॅक, पाऊण तासही नाही, २००६च्या फेब्रुवारीत आला आणि तीन दिवसांनी माणूस गेला. त्याने तो हॉस्पिटलमध्ये बनवला की नाही यावर लोक अजून भांडतात, तू भांडू नकोस, तू 'डोन्ट क्राय' ऐक. सुरुवातीला तो द एस्कॉर्ट्सचं जुनं सोल गाणं जवळजवळ आहे तसं वाजू देतो. म्हणजे मूळ काय ते त्यानेच तुला आधी ऐकवलं, लपवालपवी नाही. आणि मग कापायला घेतो. अक्षराअक्षरावर, श्वासावर कापतो, तुकडे उलटसुलट लावतो, आणि तेच गाणं अडखळायला लागतं, आणि अडखळतं तेव्हाच ते जास्त रडवतं. कॉपी-पेस्ट म्हणणाऱ्याला हा एक ट्रॅक ऐकव. पुरे.

आता चोरीचा मुद्दा, तो मी टाळत नाहीये. १९९१ला अमेरिकेत बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला, गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा विनापरवानगी वापरला म्हणून, आणि जजने निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. २००५ला दुसऱ्या एका कोर्टाने सरळ सांगितलं, लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, आणि तिथे वाद होता एका फंक रेकॉर्डवरच्या जेमतेम दोन सेकंदांच्या गिटारवर. परिणाम काय झाला, तर शंभर ठिकाणचे छोटे तुकडे घेणारा मेला आणि एकच मोठं प्रसिद्ध गाणं विकत घेऊ शकणारा श्रीमंत टिकला. डे ला सोल या हिप-हॉप ग्रुपचा १९८९चा सॅम्पलांनी भरलेला पहिला अल्बम स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडलं. एवढी वर्षं तुझ्या वयाच्या पोरांना तो सरळ मार्गाने ऐकताच येत नव्हता! दुसरी बाजूही आहे. द विन्स्टन्स या बँडचा ड्रमर ग्रेगरी कोलमन, त्याने १९६९ला वाजवलेला काही सेकंदांचा ड्रम ब्रेक, म्हणजे नुसत्या ड्रमचा तुकडा, हजारो रेकॉर्डांत वापरला गेला, 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीताचे प्रकार त्यावर उभे राहिले, आणि तो २००६ला कफल्लक अवस्थेत वारला, रॉयल्टीचा एक पैसा न मिळता. त्यामुळे नाव घ्या, पैसे द्या, यात मला शंका नाही. पण पैसे दिले म्हणून सांधा चांगला होत नाही आणि दिले नाहीत म्हणून वाईट होत नाही. दोन वेगळी भांडणं आहेत, एका शीटमध्ये घालू नकोस.

आपल्या लोकांचं तर विचारूच नकोस. ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक'मध्ये 'एक दुजे के लिये'मधल्या गाण्याची व्हायोलिनं, ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या २००२च्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है', म्हणून छाती फुगवून फॉरवर्ड करायचं, 'बघा, आपलं घेतलं त्यांनी'. अरे पण ऐकलंत का, काय केलं ते? 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये दीदींचा आवाज खाली जवळपास अख्खा चालू ठेवलाय, नावही न देता, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि राग आला तर तो योग्यच आहे. पण मॅडलिब या अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्याने २००७ला हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी घेऊन 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला तो ऐक, तिथे सिनेमाचे आवाज असे येतात जातात की आपल्याच गाण्याची ओळख पटता पटता हुकते. माझं यावरून एका जुन्या मित्राशी इतकं वाजलं की बोलणं बंद झालं, तो म्हणायचा ओळखू येत नसेल तर आपला मान कुठे राहिला. मित्र गेला याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. मत मात्र तेच आहे.

तू विचारलंस, दादा तुम्ही एवढं बोलता, तुम्ही कधी काही बनवलंत का. बनवायचो. डबल कॅसेट डेकवर, पॉज बटणाने. आकाशवाणीवरची बाजारभावांची घोषणा, मध्येच लावणीतली ढोलकी, मग परत भाव, कांदा अमुक बटाटा तमुक, आणि ढोलकीची थाप कांद्यावर पडली पाहिजे म्हणून पॉजवर बोट ठेवून दुपार घालवायची. प्रत्येक जोडाला टेपवर एक 'टक' यायचा, तो काही केल्या जायचा नाही. शेवटी मी तो टकच तालात धरायला लागलो. ते कुणाला ऐकवलं नाही, पुढे नोकरी लागली आणि मग मी बनवायचं सोडून नुसता बोलत राहिलो, याची खंत आहे. पण कुणी म्हणेल नुसता बोलतो, तर बोलणं हेही काम आहे, त्या टकमुळे मला सांधा ऐकू येतो आणि तुझ्या ग्रुपमधल्या शहाण्याला येत नाही.

तर शीट डिलीट कर. निदान गुणांचा कॉलम तरी उडव. नवा अल्बम सापडला की पहिल्यांदा अख्खा, क्रमाने, शफल बंद. कुठे काहीतरी खटकलं, कुठे अंगावर काटा आला, ती मिनिटं लिहून ठेव, नावं नकोत. मग परत त्याच जागा ऐक, सांधा ऐक, आणि त्यानंतर उघड काय यादी उघडायचीय ती. यादी तेव्हा मजा मारत नाही, उलट वाढवते, कारण तुला आधीच माहीत असतं की कुठल्या जागेबद्दल विचारायचंय.

यादी उघडलीस की पोह्योलाची मूळ रेकॉर्डही ऐक, पूर्ण. त्याच्यावर माझं एक वेगळंच भांडण आहे, पण ते फोनवर. रविवारी कर, दुपारी नको, झोपतो मी.